झुळूक आंबट झाली तेव्हा

'झुळूक' कशी लागायची, यावर आजही लोक माझ्याशी वाद घालतात. ठाण्याचे लोक म्हणतात, ती संत्र्याची होती. कल्याणचे म्हणतात, छे, जिऱ्याची. डोंबिवलीच्या एका बँकेत तर एका गृहस्थांनी मला छातीठोकपणे सांगितलं की, झुळूक गुलाबी रंगाची असायची आणि ते लहानपणी दिवसाला तीन-तीन प्यायचे. मी म्हटलं, "काका, ती लिंबू-आल्याची होती. रंग फिकट पिवळा." ते म्हणाले, "तुम्हाला काय माहीत?"

मला काय माहीत! एकवीस वर्षं मी ती बनवली.

ज्यांनी नाव ऐकलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. झुळूक हे आपल्या भागातलं कोल्ड्रिंक होतं. डोंबिवलीच्या एमआयडीसीत आमचा छोटा कारखाना. मालकांना सगळे भाऊ म्हणायचे. भाऊंच्या वडिलांचं ठाण्यात गोटी सोड्याचं दुकान होतं, बाटलीच्या गळ्यात काचेची गोटी अडकवलेला तो जुना सोडा. भाऊंनी त्यात साखर, लिंबू आणि आलं घातलं, बाटलीला पत्र्याचं बूच लावलं आणि नाव ठेवलं झुळूक. ठाण्यापासून विठ्ठलवाडीपर्यंत ती मिळायची, त्यापलीकडे फारशी कुणाला ठाऊक नव्हती. मुंबईचे पाहुणे आले की बाटली हातात घेऊन आधी तिच्याकडे संशयाने बघायचे.

ती बंद का झाली, हेही सगळे विचारतात आणि उत्तर ऐकून निराश होतात. कुणाला त्यात कारस्थान हवं असतं. कारस्थान नव्हतं. मोठ्या कंपन्यांनी दुकानदारांना फ्रिज दिले आणि त्या फ्रिजमध्ये त्यांचाच माल ठेवायचा, अशी अट घातली. आमची बाटली बाहेर उन्हात उभी राहिली. मग प्लास्टिकच्या बाटल्या आल्या. काचेची बाटली परत आणून द्यायचा लोकांना कंटाळा येऊ लागला. भाऊ थकले, मुलांना या धंद्यात रस नव्हता. एका मार्च अखेरीला मशीन थांबलं, ते पुन्हा सुरू झालं नाही. आता तिथे औषधाच्या खोक्यांचं गोदाम आहे. मला वाईट वाटलं, पण भाऊंनी आम्हा सगळ्यांना आधी बोलावून, बसवून, नीट सांगितलं होतं. एखादा कारखाना याहून चांगल्या रीतीने मरत नाही.

पण त्याच्या खूप आधी, मी नोकरीला लागले त्याच वर्षी, झुळूक एकदा मरता मरता वाचली होती. मारायला निघालेली मीच होते. हे आजवर कुठे लिहिलं नाही, म्हणून या अंकात लिहिते.

आमच्या घरात पदवी घेतलेली मी पहिली. वडील गोदामात हमाली करायचे, आई चार घरची धुणी-भांडी. विठ्ठलवाडीच्या चाळीत मी बी.एस्सी. झाले, विषय रसायनशास्त्र. निकाल लागला त्या रविवारी विहारात माझा सत्कार झाला. शाल, एक पेन आणि जाडजूड वही. ती वही मी नोकरीच्या पहिल्या दिवशी कारखान्यात घेऊन गेले. मान इतकी ताठ की बसमधून उतरताना डोकं दांडीला आपटलं.

मुलाखतीत भाऊंनी माझ्यापुढे एक थंड बाटली ठेवली. "पी. कशी वाटते सांग."

मी प्यायले आणि म्हटलं, "छान आहे."

"आधी प्यायली होतीस ना?"

"हो," मी खोटं बोलले. आमच्या घरी कोल्ड्रिंक पाहुण्यापुरतं आणलं जायचं, आणि आमच्याकडे यायचे ते पाहुणे चहावर खूश असायचे. झुळुकीची माझ्या आयुष्यातली ती पहिली बाटली. ही गोष्ट तेव्हा क्षुल्लक वाटली होती. ती क्षुल्लक नव्हती. जी चव जपायची होती, तीच माझ्या ओळखीची नव्हती.

आता कोल्ड्रिंक कसं बनतं ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं कळेल. साखर पाण्यात उकळायची, गाळायची, थंड करायची. त्यात लिंबू-आल्याचा अर्क आणि आंबटपणासाठी सायट्रिक, म्हणजे लिंबाच्या आंबटपणाची पांढरी पूड घालायची. हे झालं सिरप. एक भाग सिरप, पाच भाग पाणी, वर गॅस दाबायचा, बूच ठोकायचं. झालं. बाटलीत बहुतेक सगळं पाणीच असतं, हे गिऱ्हाईकाला आम्ही सांगत नव्हतो. आणि मला ते ठाऊक असूनही समजलं नव्हतं.

भरण्याआधी रिकाम्या बाटल्या कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुवायच्या. मग त्या एका पांढऱ्या उजळ काचेसमोरून सरकत जायच्या आणि तिथे बसलेली बाई आत काही राहिलंय का ते बघायची. लोक रिकाम्या बाटलीत काय काय कोंबतात! विडीची थोटकं, केसाच्या पिना, एकदा तर चक्क एक दाढ. आमची पुष्पाबाई त्या काचेसमोरची राणी होती. दर वीस मिनिटांनी बाई बदलावी लागते, कारण तेवढ्या वेळानंतर डोळे बघतात पण दिसत नाही. पुष्पाबाई उठताना प्रत्येक वेळी म्हणायची, "घ्या बाई सांभाळा, मी चालले चष्म्याच्या नंबराला."

तक्रारी माझ्याकडे यायच्या. ठाण्याचे एक निवृत्त शिक्षक दर महिन्याला बाटली घेऊन यायचे. "यात गॅस नाही." चौकशी केली तेव्हा कळलं, ते बाटली उघडून अर्धी पिऊन वर वाटी पालथी घालून ठेवायचे आणि उरलेली दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना द्यायचे. मी त्यांना समजावलं की, उघडल्यावर गॅस जातो. ते म्हणाले, "मग बुचावर तसं लिहा. मी भाषेचा शिक्षक, मला लिहिलेलं कळतं." भाऊंनी खरंच लिहायचं ठरवलं होतं. बूच लहान पडलं.

सिरपची खोली मात्र दामूदादांची. कोपर स्टेशनजवळच्या खाडीकाठच्या गावचे आगरी. मिठागरात काम केलेला माणूस, शाळा दुसरीपर्यंत. भाऊंच्या वडिलांपासून कामाला. वजनकाटा होता, पण त्यावर ते फक्त साखर तोलायचे. सायट्रिक मुठीने. "आज सोला मुठी," म्हणायचे आणि टाकायचे. उद्या चौदा. परवा सतरा.

मला तर घाम फुटला. कोणत्या पुस्तकात मूठ हे माप आहे?

पहिल्याच सकाळी मी पाहिलं, दामूदादा सिरपच्या खोलीत आले, नळाखाली ओंजळ धरली, पाणी तोंडात घेतलं, गालात फिरवलं, गिळलं. मग कामाला लागले. मला वाटलं, चूळ भरतायत. तोंडातला तंबाखू धुतायत. मी बी.एस्सी., अन्नाच्या स्वच्छतेवर माझा अख्खा पेपर झालेला. मी दारावर माझ्या सुंदर अक्षरात नोटीस लावली: 'सिरपच्या खोलीत खाणे, पिणे, चूळ भरणे सक्त मना आहे.'

दामूदादांनी ती पुष्पाबाईकडून वाचून घेतली. दुसऱ्या दिवसापासून अंगणातल्या नळावर जाऊन यायला लागले. मला वाटलं, सुधारले.

मग मी माझी वही काढली. मार्चचा तो एक आठवडा मी त्यांच्या पाठी पाठी फिरले. त्यांनी मूठ भरली की, "दादा, थांबा," म्हणून ती काट्यावर ओतायला लावायची आणि ग्रॅम लिहायचे. दादा हसायचे. "बाय गो, अशी लिवशील तर झुलूक उन्हाल्यानंतर तयार व्हईल." पण त्या आठवड्यात काय योगायोग, रोज जवळजवळ तेवढंच वजन. सतरा-अठरा मुठी. मी सरासरी काढली, खाली दोन रेघा मारल्या आणि भाऊंपुढे ठेवली. "भाऊ, हे आपलं प्रमाण. आता कुणीही बनवू शकेल."

भाऊ म्हणाले, "कुणीही?"

"कुणीही. शास्त्र आहे."

लगेच परीक्षा आली. दामूदादांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. तेव्हा ऑपरेशननंतर बरेच दिवस घरी बसवायचे. धूर, धूळ, वाफ वर्ज्य. एप्रिल सुरू झाला, म्हणजे आमचा हंगाम, आणि सिरपची खोली माझ्या ताब्यात आली. पांढरा कोट घालून मी अर्धा तास आधी जाऊन बसायचे. एक ग्रॅम इकडे नाही, एक ग्रॅम तिकडे नाही.

दोन आठवड्यांनी बाळारामशेठ आले.

बाळारामशेठ दामूदादांच्याच गावचे, रेतीचा धंदा, गळ्यात जाड साखळी, बोलणं फटकळ. मोठं गिऱ्हाईक. आगरी गावांतली हळद म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. लग्नाला कमी माणसं असतील, पण हळदीला अख्खं गाव आणि शेजारची तीन गावं. आणि खाडीकाठच्या गावांत हळदीला झुळूकच लागायची. आमचा उन्हाळा त्या हळदींवर चालायचा. बाळारामशेठच्या थोरल्या मुलीची हळद अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी होती. त्यांनी आधी भावकीतल्या एका छोट्या लग्नासाठी दहा क्रेट नेले होते. त्यातला एक त्यांनी माझ्या टेबलावर दणकन ठेवला.

"मॅडम, ही झुलूक नाय."

"शेठ, बूच आमचंच आहे."

"बूच तुमचा हाय. आतला माल कोनाचा हाय ते तुमी सांगा. दात आंबले. आमची आय धवलारीन हाय, म्हाईत हाय ना?"

माहीत होतं. आगऱ्यांच्या लग्नात धवले गाणारी म्हातारी असते. हळदीपासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्या तोंडून आलं पाहिजे. तिच्याशिवाय विधी पुढे सरकत नाही. बाळारामशेठची आई पंचक्रोशीतली मानाची धवलारीण. तासन् तास गाऊन घसा सुकला की ती दोन घोट झुळूक घ्यायची. आल्याने घसा मोकळा होतो, असं तिचं म्हणणं.

"दोन घोट घेतला न् घसा धरला तिचा," बाळारामशेठ म्हणाले. "पाच गानी सोरली. लोकांनी नावा ठेवली आमाला."

मी शांतपणे साखर मोजायचं यंत्र काढलं. काचेच्या उंच भांड्यात पेय ओतून त्यात तरंगणारी काचेची नळी सोडली. "बघा शेठ. साखर बरोब्बर. एक रेघसुद्धा चूक नाही."

बाळारामशेठनी नळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "मॅडम, आमची आय यंत्र पीत नाय."

पुष्पाबाई काचेसमोर फिस्सकन हसली. मी तिच्याकडे इतक्या रागाने बघितलं की तिने एक बाटली न बघताच पुढे सोडली.

शेठ भाऊंच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं, मला सगळं ऐकू आलं. "भाऊ, तुमच्या वडलांपासून तुमचाच माल घेतो. पन हलदीला ही असली आंबट पाजली तर माजी इज्जत जाईल. दुसरा माल मागवतो. मना माफ करा."

खाडीकाठची गावं एकमेकांकडे बघून चालतात. बाळारामशेठच्या हळदीत दुसरं कोल्ड्रिंक आलं, तर पुढच्या प्रत्येक हळदीत तेच येणार, हे भाऊंना कळत होतं. शेठ गेल्यावर भाऊंनी मला बोलावलं. आवाज चढवला नाही. त्यांनी आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

"अगं, अकरा दिवस आहेत. तेवढ्यात जमव. नाही जमलं तर मी झुळूक बंद करतो आणि नुसता सोडा भरतो. सोड्यात कुणी चूक काढत नाही."

"आणि मी?"

"सोड्याला केमिस्ट लागत नाही गं."

घरी हे सांगायची सोय नव्हती. वडील चाळीत ज्याला त्याला सांगत सुटले होते, आमची पोरगी आहे म्हणून झुळूक आहे. आता ते खरंच होतं, उलट्या अर्थाने.

पुढचे तीन दिवस मी सगळ्यांवर आळ घेतला. बाटल्या धुणाऱ्यांवर, कॉस्टिक राहतं म्हणून. दुकानदारांवर, उन्हात ठेवतात म्हणून. सायट्रिकच्या पोत्यावर सुद्धा. सगळं तपासलं, सगळं ठीक. मी स्वतः प्यायले. मला छानच लागली. कशाशी ताडून बघणार? माझ्या जिभेला खऱ्या झुळुकीची एकच बाटली ठाऊक होती, तीही मुलाखतीच्या धास्तीत प्यायलेली.

शेवटी पुष्पाबाई म्हणाली, "मॅडम, दामूदादांकडे जा की."

"त्यांना काय विचारू? त्यांचंच प्रमाण आहे, मी स्वतः लिहिलंय."

"मग लिहिलेलं दाखवा त्यांना. नाहीतर बाटली दाखवा. पण जा."

मान खाली घालून गेले. गाव खाडीच्या अंगाला, घरासमोर सुकत घातलेली बोंबलांची रांग. दामूदादा ओटीवर एका डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून बसलेले. त्यांची बायको, हौसाकाकी, मला बघून आतून तांब्या-पेला घेऊन आली. मी दोन बाटल्या पुढे ठेवल्या.

"दादा, जरा चाखून बघा."

दादांनी आधी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेतलं, तोंडात फिरवलं, गिळलं. मग झुळुकीचा घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"कारखान्यान आता टँकर येतं काय?"

"नाही. पाइपाचं पाणी नीट चालू आहे. का?"

"मंग सतरा मुठी कशाला टाकल्यास?"

"तुम्हीच टाकायचात! मी वजन केलंय." मी वही उघडून दाखवली.

"तवा पाइप फुटलेला. आठ दिस टँकर आल्ता. टँकरचा पानी आंबट खातं. म्हनून सतरा. पाइपाच्या पान्याला चौदा लय झाली."

'पाणी आंबट खातं.' टँकरचं पाणी बोअरचं, त्यात विरघळलेले क्षार असतात, ते आम्लाला मारतात. त्यामुळे तेवढ्याच आंबटपणासाठी जास्त सायट्रिक लागतं. हे मला कॉलेजात शिकवलं होतं, मी परीक्षेत लिहिलं होतं, मला त्याचे पैकीच्या पैकी गुण होते. कारखान्यात मी पाण्यातले जंतू तपासले, क्लोरीन तपासलं. क्षार किती हे रोज तपासायचं माझ्या डोक्यातच आलं नाही. पाणी म्हणजे पाणी.

"तुम्हाला कसं कळायचं, आज पाणी कसं आहे ते?"

"आता कसा कलला? पिऊन. रोज सकाली आधी पानी पियाचो, मंग मूठ ठरवाचो."

ओंजळ! मी ज्याला चूळ समजले ती त्यांची प्रयोगशाळा होती. आणि मी दारावर नोटीस लावून तिला अंगणात हाकललं होतं. ते काय ओततात ते मी आठवडाभर ग्रॅममध्ये लिहिलं. ते काय पितात ते एकदाही लिहिलं नाही.

"दादा, मग तुम्ही मला तेव्हाच सांगितलं का नाही?"

"तू इचारलास काय?" दादा अगदी सरळपणे म्हणाले. "तू लिवीत व्हतीस."

हौसाकाकी मध्ये पडली. "बस झाला आता, पोर रडंल. जेवून जा गो बाय." मी रडत नव्हते, पण जेवले. बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी.

दुसऱ्या सकाळी भाऊंना सगळं सांगितलं. चूक माझी, नोटीस माझी, वही माझी. भाऊंनी वही उलटून बघितली. मग म्हणाले, "आता काय करशील? चौदा मुठी टाकून मोकळी होशील?"

"नाही. उद्या परत पाइप फुटला तर? दादांचा हात आणि माझं बी.एस्सी. दोन्ही लागणार."

आमच्या छोट्या खोलीत काचेची बारीक खुणांची नळी होती, धूळ खात पडलेली. पाण्यात रंगाचे दोन थेंब टाकायचे, पाणी पिवळं होतं. मग नळीतून आम्ल थेंब थेंब सोडायचं. पिवळं पाणी नारिंगी झालं की थांबायचं. जितके जास्त थेंब, तितकं पाणी जास्त आंबट खाणारं. आंबट किती खातं, हे आता मी मोजू शकत होते. फक्त किती खाल्लं की किती मुठी, हे दादांकडूनच शिकायचं होतं. आणि दादांना कारखान्यात यायला मनाई.

म्हणून पाणी दादांकडे गेलं. मी पाच बाटल्या भरल्या. पाइपाचं, बोअरच्या टँकरचं, दोन्ही अर्धं-अर्धं, पाऊण-पाव, आणि कारखान्याच्या टाकीतलं. वर फक्त आकडे. प्रत्येकाचे थेंब मोजून वहीत लिहिले आणि वही मिटून पिशवीत ठेवली. दादा ओटीवर, समोर पाच पेले, भोवती निम्मं गाव. कुणीतरी म्हणालं, "दामू पानी चाखतंय का दारू?"

"गप र्‍हावा," हौसाकाकी ओरडली. "परीक्षा चाललीय."

दादांनी प्रत्येक पेल्यानंतर मुठी सांगितल्या. चौदा. अठरा. सोळा. पंधरा. पाचव्याला थांबले, परत चाखलं, नाक मुरडलं. "ह्याला चौदाच. पन ह्याच्यान औषिध लय टाकल्यास. जीभ चरचरली."

मी वही उघडली. थेंबांचा चढ-उतार आणि मुठींचा चढ-उतार एकमेकांना धरून चालला होता. आणि टाकीत क्लोरीन खरंच जास्त पडलं होतं. ते मी त्या दिवशी तपासलंच नव्हतं.

मग मी सायट्रिकची पिशवी काढली, दादांना दहा वेळा मूठ भरायला लावली आणि बरोबर आणलेल्या छोट्या काट्यावर तोलली. दहाही मुठी जवळजवळ सारख्या. माझ्या हाताने भरलेल्या मुठी कधी लिंबाएवढ्या, कधी आवळ्याएवढ्या. गाव हसलं. मीही हसले. त्या तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

तिथेच ओटीवर बसून मी तक्ता केला: एवढे थेंब तर एवढे ग्रॅम. तो तक्ता कारखाना बंद होईपर्यंत सिरपच्या खोलीत होता. दारावरची नोटीस मी काढली नाही. नोटीस बरोबरच होती. पण खाली एक ओळ वाढवली: 'दामूदादा सोडून.'

एक खंत आहे, ती इथेच सांगते. भाऊंनी पुढे मला मुख्य केमिस्ट केलं, तक्त्याखाली माझं नाव छापलं गेलं. दादांचं नाव त्यावर टाकायला हवं होतं. मी भाऊंना म्हणू शकले असते. तेव्हा मला माझं नाव छापलेलं बघायची इतकी हौस होती की दुसऱ्या नावासाठी जागा आहे हे दिसलंच नाही. दादांनी त्याचं कधी मनात धरलं नाही, म्हणून माझ्या मनात ते अजून आहे.

हळदीचा माल मी स्वतः उभी राहून बनवला. सकाळी थेंब मोजले, तक्त्यावर बघितलं. बाळारामशेठना भाऊंनी जाऊन हातापाया पडून, आधी चाखा मग ठरवा, असं सांगितलं होतं. ते एवढंच म्हणाले होते, "आय पील ती खरी."

टेम्पो सुटला तेव्हा मी ड्रायव्हरशेजारी चढून बसले. भाऊ मागून स्कूटरवर आले.

दुपार कलली होती. मांडव खाडीच्या वाऱ्याने फुगत होता, बँड सूर लावत होता, मटणाची हंडी चुलीवर. बाळारामशेठची आई पाटावर बसली होती, हिरवं लुगडं, नाकात नथ, आवाज मात्र तरण्या बाईचा. गाणं अर्ध्यावर आलं, तिने हात पुढे केला. कुणीतरी बूच काढून बाटली हातात दिली. मी मांडवाच्या खांबाला धरून उभी होते. पलीकडे दामूदादा हिरव्या पट्टीसकट माझ्याकडेच बघत होते.

म्हातारीने दोन घोट घेतले. बाटली पाटाखाली ठेवली. आणि पुढचं कडवं सुरू केलं.

बस्स. मान हलवली नाही, हसली नाही, काही नाही. पलीकडे माणसं रांगेने बाटल्या घेत होती, पीत होती, बँडबद्दल बोलत होती, नवऱ्या मुलाच्या नोकरीबद्दल, मटणात तिखट जास्त आहे का त्याबद्दल. झुळुकीबद्दल एक अक्षर नाही.

माझा चेहरा उतरला. "भाऊ, कुणी काहीच बोलत नाही."

भाऊंनी माझ्याकडे बघून डोक्याला हात लावला. "अगं वेडे, बिघडली की लोक बोलतात. बरोबर असली की लोक लग्नाबद्दल बोलतात."

म्हातारी गात राहिली. घोट, गाणं, घोट, गाणं. एकही कडवं सुटलं नाही.

हळद लागली आणि उन्हं तिरपी झाली तेव्हा बाळारामशेठ गर्दीतून वाट काढत थेट माझ्यावर चालून आले. अंगभर हळद, हातात रिकामा क्रेट.

"ओ मॅडम! काय हिशेबानं माल आनलाव तुमी? संपली! बँडवाले तसंच बसल्यान, व्याही तसंच बसल्यान. माजी इज्जत घालवाला आलाव काय?"

सगळ्या मांडवाने वळून बघितलं. शेठ आणखी बरंच काही म्हणाले, त्यातलं निम्मं छापण्यासारखं नाही. मी मान खाली घालून, ओठ दाबून, सगळं ऐकून घेतलं. आयुष्यात इतक्या आनंदाने मी कुणाची बोलणी खाल्ली नाहीत.